रंगाखालच्या अकरा रेघा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. दाराची नाही, फोटोची नाही. ज्या लेकरांचे पाय उशिरा शिकतात, त्यांना उभं धरणारी. पुढे खेळणी ठेवायला फळी, मागे कमरेला पट्टा, खाली पावलांपुरती जागा.

मला एका सुतार आजोबांनी केलं, नातीसाठी, आणि अशा लेकरांना व्यायाम शिकवणाऱ्या सरकारी केंद्रात आणून ठेवलं. नात तीन वर्षांची, बसल्या जागची हलत नव्हती, तरी आजोबा तिला म्हणायचे भिंगरी. केंद्रातल्या ताईंनी बजावलं होतं, "आजोबा, या वयात पाय ऐकतात. पुढे हट्टी होतात. रोज उभी करायची, खाडा नको."

पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं उभी राहिली आणि तिनं असं भोकाड पसरलं की मलाच घाम फुटला. मिनिट वाढलं की ताई माझ्या अंगावर पेन्सिलीनं एक रेघ मारायच्या. सहा महिन्यांत रेघा झाल्या अकरा. अकरावी रेघ मारली त्या दिवशी पोरगी उभ्याउभ्या हसली. त्या हसण्यावर मी आजवर जगतेय.

पण लेकरं एकवीस आणि ताई एकट्या. माझा पट्टा फाटलेला, स्क्रू ढिले. ताईंनी सरकारकडे अनुदान मागितलं. कळलं, साहेब पाहायला येणार.

इथंच आमचं चुकलं. पाहुणा येणार म्हटलं की आधी झाडलोट करायची, ही आपली खोड. आजोबांनी मला पिवळाधमक रंग दिला, स्क्रू पिळले, पट्ट्याची फाटकी बाजू आत दुमडली. रेघासुद्धा रंगाखाली गेल्या.

साहेब आले. "वा, सामान तर नवंकोरं दिसतंय."

ताईंनी लाजून दुमडलेला पट्टा हातानं झाकला. आजोबा म्हणाले, "साहेब, सामान राहू द्या. अजून एक ताई द्या. पोरं रांगेत बसूनच मोठी होतायत."

"काळजी सोडा, आजोबा. शब्द देतो." त्यांनी भिंगरीला माझ्यात उभं केलं, माझ्या फळीवर हात ठेवला, फोटो काढला. हात ऊबदार होता हो. मला खरंच वाटलं.

महिन्याभरानं कागद आला. केंद्र उत्तम स्थितीत, अनुदानाची गरज नाही. ताईंचं कामच आठवड्यातल्या एका दिवसावर आलं, मग तेही बंद. मला मागच्या खोलीत ढकललं. आजोबा न्यायला आले, तर शिपाई म्हणाला, "सरकारी दप्तरात नोंद आहे, बाबा. हलवता येत नाही." ज्यांनी घडवलं, त्यांनाच मी परकी झाले.

परवा माझ्या फळीवर पुस्तिकांचे गठ्ठे आणून टाकले. वरच्या पुस्तिकेवर तोच फोटो. भिंगरी, मी, साहेबांचा हात. खाली छापलंय, 'प्रत्येक बालक आमची जबाबदारी'. त्या ओझ्यानं माझी फळी वाकली आहे.

भिंगरी आता सात वर्षांची असेल, माझ्यात मावायची नाही. पण आज कुठेतरी कुणीतरी तीन वर्षांचं आहेच की. मित्रांनो, तुमच्या घरच्यांना सांगा, अशा लेकरांसाठी मागायला लाजू नका. आणि साहेब येणार असले तर मला रंगवू नका. फाटका पट्टा वर काढून ठेवा. रंग खरवडून त्या अकरा रेघा दाखवा, आणि विचारा, बारावी कुणी मारायची?