ईशिताच्या सुट्टीचा अर्ज

हेलनचा फोन आला तेव्हा वैभवी ऑफिसातून घरी निघाली होती. हेलन म्हणजे ईशिताची वर्गशिक्षिका. ब्रिस्टलच्या स्पेशल स्कूलमध्ये नऊ वर्षांच्या ईशिताला गेली चार वर्षं तीच शिकवत होती.

"कौन्सिलला पाठवायचा फॉर्म मी वाचला. भरला कुणी?"

"माझ्या नवऱ्यानं. का?"

"छान भरलाय. इतका छान, की या मुलीला उन्हाळी वर्गाची गरजच नाही असं कुणीही म्हणेल. शुक्रवारपर्यंत पुन्हा भरून द्या."

ईशिता बोलत नाही. पाणी हवं असलं की पेल्याचं चित्र असलेलं कार्ड आणून हातात देते. एवढं शिकवायला शाळेला दोन टर्म लागल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात शाळा सहा आठवडे बंद राहिली आणि कार्ड कशासाठी असतं हेच ती विसरली. सप्टेंबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाताळ आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. यंदाचे सहा आठवडेही घरीच गेले तर तेच होणार होतं.

यतीन विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. फॉर्म त्यानं अप्रेझलसारखा भरला होता. पाणी मागते. स्वतः जेवते. आठवण केली की बाथरूमला जाते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त सगळं एप्रिलमधलं, शाळा सुरू असतानाचं होतं.

"हा फॉर्म आहे की बायोडेटा? स्थळ बघतोयस का तिला?" घरी आल्या आल्या वैभवीनं विचारलं.

"जन्मभर फाइलमध्ये राहणार ते. पोरीची उणीदुणी मी सरकारी कागदावर लिहायची?"

"मग कोण लिहिणार? शेजारचा स्टीव्ह?"

पुरावा म्हणून काही जोडावं, म्हणून तिनं फोनमधले गेल्या ऑगस्टचे व्हिडिओ काढले. अकरा होते. सगळे पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकलेले. हसणारी ईशिता, आरतीला टाळ्या वाजवणारी ईशिता. जे टेक बिघडले ते तिनं स्वतः तिथल्या तिथे डिलीट केले होते. तिनं फोन उलटा ठेवला आणि लॅपटॉप पुढे ओढला.

पाणी मागते का? ‘शाळा सुरू असताना, हो. सुट्टीच्या चौथ्या आठवड्यापासून, नाही.’

मागता आलं नाही तर काय करते? ‘रडते. भिंतीवर डोकं आपटते.’

यतीन मागे उभा राहून वाचत होता. पलीकडे ईशिता डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होती.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "तू ऑफिसला गेली होतीस. मी वर कॉलवर होतो, वीसेक मिनिटं. खाली आलो तर ही सिंकपाशी. भांडी भिजत घातलेल्या टबात तोंड घालून पाणी पीत होती. साबणाचं."

वैभवीनं वळून पाहिलं. "मला बोलला नाहीस."

"कार्ड फ्रिजवरच होतं गं. त्याच्यासमोरूनच गेली असणार ती."

झाकण थांबलं, आडवं पडलं, पुन्हा फिरू लागलं. वैभवीनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. तो खुर्चीत बसला. दोन ओळी टाइप केल्या, त्यातला ‘थोडंसं’ हा शब्द खोडला.

"तारीख विचारलीय," ती म्हणाली.

"एकोणीस ऑगस्ट. मंगळवार." त्याला कुठे बघावं लागलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कौन्सिलचं पत्र आलं. सहापैकी चार आठवडे मंजूर झाले होते. कारण म्हणून एकच प्रसंग नोंदवला होता, तारखेसकट. वैभवीनं पत्र यतीनच्या हातात दिलं. त्यानं वरची ओळ वाचली आणि तिथेच घडी घातली.

"उरलेल्या दोन आठवड्यांची रजा मी टाकतो," तो म्हणाला. "आणि कॉल घेणार नाही."