तिच्या हातचा सिगार

चाखणाऱ्याने सिगारचं टोक सावकाश कापलं, तो बोटांत फिरवून पाहिला आणि काडी ओढली. घाई कशाची? उद्यापासून कारखान्यात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. छत्तीस वर्षं तो तिथं प्रत्येकाच्या हातचा माल चाखत आला होता. थोडा ओढायचा, दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, उरलेला विझवायचा.

हा मात्र पुरता ओढायचा होता. बायकोच्या हातचा शेवटचा. "निवृत्त झालात की ओढा, त्याआधी हात लावाल तर बघा," असं बजावून तिनं तो लाकडी डबीत ठेवला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. त्याला सहा वर्षं झाली.

पहिला झुरका त्यानं तोंडात घोळवला. काही नाही. दुसरा घेतला. ढिम्म काही नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून त्याला वास येईनासा झाला, चवही गेली. कुणाला म्हणून त्यानं कळू दिलं नाही. राख किती टिकते, बोटाखाली गाठ कुठे लागते, एवढ्यावर वर्षभर चिठ्ठ्या खरडल्या, आणि त्या खपल्याही. हसावं की रडावं! पण निदान हा तरी लागेल, तिच्या हातचा आहे, या एका आशेवर त्यानं ते वर्ष ढकललं होतं.

समोर मुलगी बसली होती. तीही त्याच कारखान्यात, आईच्याच टेबलावर सिगार वळायची. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कसा आहे?"

बायकोच्या मालावरची चिठ्ठी त्याला तोंडपाठ होती.

"आधी जायफळ," तो म्हणाला. "मग जुनं लाकूड. शेवटी जरा मधासारखा. अगदी तिचाच हात."

मुलीचा चेहरा उतरला.

"बाबा, हा आईचा नाही."

त्याचा हात तसाच राहिला.

"तिचा गेल्या पावसाळ्यात किड्यांनी पोखरला. डबीत नुसता भुगा उरला होता. तुम्हाला सांगायचा धीर होईना, म्हणून हा मी वळला. तिच्यासारखा मुरलेला तंबाखूचा पाला मला कोण देणार? कोवळाच घेतला." ती थांबली. "वाटलं, पहिल्या झुरक्यातच ओळखाल. खूप रागवाल. मी तयारीनंच बसले होते."

सिगारची राख त्याच्या मांडीवर पडली, ती त्यानं झटकली नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यानं सिगार तिच्यापुढे धरला.

"तूच सांग, कसा झालाय."

तिनं झुरका घेतला. तिचे डोळे भरून आले.

"कडू आहे. घशाला लागतो."

तो खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकला.

"अजून?" त्यानं विचारलं.