जवसाची दुसरी पावती

काकांनी कोटाचे चारही खिसे व्यवस्थापकबाईंच्या टेबलावर रिकामे केले. रुमाल, किल्ल्या, पेन्सिलीचं थोटूक, खोकल्याच्या दोन गोळ्या. गोदामाची पावती काही निघाली नाही.

"असू द्या काका," बाई म्हणाल्या. "माल कुठे पळून जात नाही. तुमचं जवस आतच आहे, पोतं न् पोतं. पण पावतीशिवाय ते मला दाराबाहेर सोडता येत नाही."

"अहो, तेलघाणीवाला गाडी घेऊन निघालासुद्धा!"

"त्याला फोन करून थांबवा. आधी प्रतिज्ञापत्र लागेल. पावती हरवलीय, कुणाला विकलेली नाही, गहाण ठेवलेली नाही. मग वर्तमानपत्रात सूचना. कुणाची हरकत आली नाही, की दुसरी पावती देते."

"म्हणजे माझंच जवस मला मिळावं म्हणून जाहिरात द्यायची! लग्न ठरवतानाही दिली नव्हती आम्ही."

बाई खळखळून हसल्या. काकूंनी टेबलावरच्या वस्तू उचलून एकेक करत काकांच्या खिशात परत ठेवल्या.

"तू बाहेर बाकावर बस बघू," काका त्यांना म्हणाले. "इथल्या धुळीनं तुला खोकला लागेल."

काकू बाहेर येऊन खिडकीखालच्या बाकावर बसल्या. काकांनी आवाज खाली आणला. पण त्यांची कुजबुजही चार घरं ओलांडून जाणारी.

"बाई, खरं सांगतो, पावती तिच्याकडेच होती. हल्ली तिच्या काही लक्षात राहत नाही हो. पण माझ्या हातून हरवली, असंच लिहा. उगाच तिला मान खाली घालायला लागू नये."

काकूंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

माल उतरवला त्या दुपारी हमालांच्या गडबडीत पावती त्यांनी स्वतः काकांच्या हातात दिली होती. "तू वेंधळी, आण इकडे," म्हणत काकांनी तिची चौघडी घातली होती. आणि घरी पोचल्यावर त्यांनीच विचारलं होतं, "पावती नीट ठेवलीस ना?" काकूंना ती थट्टा वाटली होती. मग एकदा काका नळ सोडून फिरायला निघून गेले. एकदा जावयाला मेहुण्याच्या नावानं हाक मारून बसले. आणि दर वेळी चूक लक्षात आली, की काळजीनं बघायचे ते काकूंकडेच.

"काकू, या," आतून हाक आली. "माल दोघांच्या नावावर आहे. तुमचीही सही लागेल."

बाईंनी कागद पुढे सरकवला आणि क्षणभर त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"सही करण्याआधी तुम्हाला काही सांगायचंय?"

काका खुर्चीची पाठ धरून उभे होते. पोराची तोंडी परीक्षा चालू असावी आणि बापानं दाराशी श्वास रोखून उभं राहावं, तसे.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "हे सांभाळून घेतात, म्हणून माझं निभतंय."

त्यांनी ठसठशीत सही केली. काकांच्या चेहऱ्यावर केवढा तरी उजेड पडला.

फाटकाबाहेर येताच काका थबकले. रस्ता दोन्हीकडे सारखाच सरळ जात होता. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग उगाच चष्मा काढून पुसायला घेतला. जन्मभर ते याच फाटकातून बाहेर पडून बस पकडत आले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "हात धरा ना जरा. हल्ली मला रस्ता चुकायची भीती वाटते."

"वेडी कुठली!" काकांनी चष्मा चढवला आणि त्यांचा हात आपल्या हातात घट्ट घेतला. "मी असताना कसली भीती?"

"तेच तर," काकू म्हणाल्या, आणि अर्धं पाऊल पुढे राहून डावीकडे वळल्या.