खमंग कशाला म्हणायचं

माझ्या सासूबाईंपुढे "मस्त सुगंध येतोय" म्हणायची सोय नव्हती. लगेच शाळा भरायची. "सुगंध अगरबत्तीचा. मोगरा दरवळतो. अत्तर घमघमतं. आणि भाजलेलं असतं ते खमंग. कच्च्याला खमंग म्हणत नाहीत, करपलेल्याला तर नाहीच. तुले काय समजस?" हे चार बायकांत, हसत हसत. मी सुरतेत जन्मले, गुजराती शाळेत शिकले. मला सगळंच सुगंधी. सात वर्षं ऐकून घेतलं, पण आत खदखदत होतं.

सुरतेतल्याच लिंबायत भागात आमचं घर, गल्लीत सगळी खानदेशी घरं. उन्हाळ्यात अंगणात शेगड्या मांडून काळा मसाला होतो. खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजायचं. खमंग झालं की करपलं हे रंगावरून कळत नाही, नाकच लागतं, आणि गल्लीचं नाक म्हणजे आमच्या सासूबाई, मंगलाबाई. त्यांनी "खमंग" म्हटल्याशिवाय कढई उतरत नसे. सासरे गेल्यावर त्यांना कुणी विचारत असेल तर ते एवढ्यासाठीच.

दिवाळीत त्यांना ताप आला. बरा झाला, पण पुढे एकदा दूध खाली लागून घरभर वास सुटला, तरी या शेजारीच मेथी निवडत बसलेल्या. मी गॅस बंद केला आणि ओळखलं. विचारलं मात्र नाही. म्हटलं, राहू दे, कामाला येईल. असली मी.

परवा शेजारच्या शांताबाईंच्या अंगणात मसाला होता. मिरचीचा ठसका असा की सगळ्यांनी नाकातोंडावर पदर घेतलेला. सासूबाईंच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कुणाला शंका येणार नव्हती. कढईशी मी होते. बाजूच्या छोट्या कढईत मूठभर खोबरं टाकलं आणि मुद्दाम विसरले. पुरतं करपल्यावर ते वाटीत काढून त्यांच्यापुढे धरलं.

"आत्याबाई, बघा बरं, झालं का?"

त्यांनी वाटी नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं. मी तोंडावरचा पदर बाजूला करून गोड हसले.

"खमंग," त्या म्हणाल्या.

शांताबाईंनी पदर बाजूला करून वास घेतला. "अहो मंगलाबाई, हे तर करपलंय."

तिथंच थांबायचं ना मी. पण नाही. "त्यांना वासच येत नाही," मी म्हणाले, "दिवाळीपासून. आणि आम्हाला शिकवतात खमंग कशाला म्हणायचं." दोघी-तिघी हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि घराकडे निघाल्या. चप्पल घालायचीही त्यांना आठवण राहिली नाही. दुपारचं ऊन, सिमेंटचा रस्ता तापलेला. मी त्यांच्या मागं गेले नाही. हसणं तेवढ्यात विरलं होतं.

संध्याकाळी त्यांच्या चपला हातात घेऊन मी घरी आले. वाटलं, आता फाडून खातील. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं, भांडण मला येतं. त्या स्वयंपाक करून बसल्या होत्या.

"तुला ठाऊक होतं, हे मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दिवाळीपासून मी तुझं तोंड बघूनच सांगते. कढईशी तू असतेस. तुझं नाक जरा मुरडलं की समजायचं, उतरवा. तू खुशीत दिसलीस की खमंग. बाकीच्यांवर कसा भरवसा ठेवणार? आज तू हसलीस, तर मला वाटलं छान झालंय."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. चूक झाली, हे कुठल्या तोंडानं म्हणणार? त्याच तोंडाकडे बघून बाई फसली होती.

त्यांनी ताट वाढून माझ्यापुढे सरकवलं आणि समोर बसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, खाली फरशीकडे बघत होत्या.

"जेव," म्हणाल्या. "आणि भाजी करपली असेल तर खरं सांग."