आडवे एक

श्यामरावांनी माउसची वायर गुंडाळून तिला रबरबँड लावला आणि कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल पसरला. टेबलावरचा चहा अजून निवलाही नव्हता.

“उठलात?” वासंतीने मेथी निवडता निवडता विचारलं.

“परत बंद पडला. मीच काहीतरी दाबत असणार. आणि काय दाबलं ते आठवत नाही. दिगंबरला सांगून टाकतो, कोडी आता दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून.”

मेथीची काडी वासंतीच्या हातात तशीच राहिली.

दिगंबरांच्या पाक्षिकात श्यामराव निवृत्त झाल्यापासून शब्दकोडं रचत. कर्वेनगरात घरोघरी ते पाक्षिक जाई. भाजी आणताना कुणीतरी थांबवून ‘उभे सात जमलं नाही हो तुमचं’ असं ऐकवलं, की त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवत.

कॉम्प्युटर मुलाचा, केयूरचा, तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा मागे राहिलेला. सुरू होईपर्यंत वरणभाताचा कुकर होई. दिवाळीचा फराळ संपल्यावर वासंतीने व्हिडिओ थांबवून थांबवून, इंग्रजी शब्द लावत, त्याच्या प्रोसेसरचा वेग वाढवला होता. बनवणाऱ्यांनी आखून दिलेल्या मर्यादेच्या बराच पुढे. तो खरोखर पळू लागला तेव्हा तिने लेकाला फोन करून सांगितलं, की तुझ्या इंजिनिअरिंगला जमलं नाही ते तुझ्या आईने केलं. तापेल तो, आई, एवढंच केयूर म्हणाला होता.

तापलाच. मध्येच पडदा निळा होई आणि श्यामरावांनी भरलेले चौकोन नाहीसे होत. पहिल्याच वेळी तिला कारण कळलं होतं. पण लेकाकडून ‘सांगितलं होतं’ ऐकायची तिची तयारी नव्हती. म्हणून ती सहज म्हणून गेली होती, तुम्हीच भलतंसलतं बटण दाबलं असेल. तेव्हापासून ते प्रत्येक बटण दाबण्याआधी तिच्याकडे बघत. काल तर गॅस बंद आहे ना, हे पाहायला ते पुन्हा पुन्हा उठले होते.

वासंतीने ओढणीला हात पुसले. रुमाल काढला, कॉम्प्युटर चालू केला आणि सेटिंगचं पान उघडून वेग पहिल्यासारखा केला.

“तुला हे येतं?”

“येतं. म्हणून तर झालं.” ती पडद्याकडेच बघत राहिली. “वेग मी वाढवला होता. त्याने बंद पडत होता. तुम्ही काहीसुद्धा दाबलं नव्हतं. आणि मला ते माहीत होतं.”

बाहेर कुणाच्या तरी स्कूटीचा हॉर्न वाजून थांबला.

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे.”

“तुमचं आहे. माझं बघायला हवं.”

श्यामराव हसले. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. ते खुर्ची ओढून बसलेसुद्धा. त्यांची बोटं चालू लागली, आणि या वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात त्यांचा फोन वाजला. वासंतीने जाऊन उचलला. दिगंबर होते.

“बरं झालं तुम्ही उचललात, वहिनी. त्यांना कसं विचारावं कळेना. दसऱ्याला पाठवलेलं कोडंच त्यांनी दिवाळीला परत पाठवलं. ‘देवळात वाजते, शाळा सोडवते’, ते. जसंच्या तसं. मीही न बघता छापलं. आपले वाचक तुम्हाला माहीत आहेत, अजून फोन करतात. प्रकृती बरी आहे ना त्यांची?”

दिवाळी. तेव्हा तर कॉम्प्युटर आपल्या जुन्या चालीने, न तापता चालत होता.

“वहिनी?”

वासंती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि श्यामरावांना ऐकू जाईल अशी उभी राहिली.

“आमच्या कॉम्प्युटरचा घोळ आहे तो, भाऊजी. मी त्याच्याशी नको ते खेळ केले होते. जुनी फाइल गेली असणार. यांचा काही दोष नाही.”

तिने फोन ठेवला. श्यामरावांनी मान वर केली. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता.

“बस इथे. हे नवीन जमलंय बघ. आडवे एक.” त्यांनी चष्मा सारखा केला. “देवळात वाजते, शाळा सोडवते. दोन अक्षरं.”

वासंती स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. मांडीवर उरलेली मेथी घेतली, आणि उत्तर द्यायला बराच वेळ लावला.