माझ्यावरून फिरलेला हात

मी एक जुनी अधोली आहे. फुटलेली नाही, हे आधी सांगते. जुनी म्हटलं की लोक फुटलेली समजतात. माझ्या काठाची लोखंडी पट्टी एका बाजूला सैल झाली आहे आणि तळाला एक चीर आहे. त्या चिरेतून राई गळेल. ज्वारी आजही गळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी आता किलोची वजनं आली असतील, म्हणून माझं काम काय होतं ते सांगते. पूर्वी खळ्यावर धान्य तोलत नसत, मापून देत. पायलीची निम्मी ती अधोली. मला राशीत खुपसून भरायचं, पोत्यात ओतायचं आणि पुन्हा भरायचं. पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचे आणि पुढं दोन, तीन.

पण मला भरायच्या दोन तऱ्हा होत्या. काठाच्या वर धान्याचा डोंगर होऊ द्यायचा, त्याला शीग म्हणतात. किंवा काठावरून सपाट हात फिरवायचा आणि वरचं धान्य परत राशीत पाडायचं. दोन्ही वेळा अधोली एकच मोजली जाते. म्हणून सांगते, काठापर्यंतचं काय ते माझं. काठाच्या वरचा दोष मला लावू नका, तो मी घेणार नाही.

माझा जन्म रहाटणीचा. बाभळीच्या बुंध्यातून सुतारानं मला कोरलं आणि लोहारानं पट्टी चढवली. सोपानरावाची पहिली बायको वारली होती, आणि तिच्या हातची अधोली त्याच सुमारास उकलली होती. मग त्यानं यशोदाबाईशी पाट लावला. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडं पाट म्हणतात. ती घरात आली त्या साली मीही आले. म्हणजे त्या घरात आम्ही दोघीही दुसऱ्या.

पहिलीची दोन मुलं होती, उद्धव आणि रंभा. यशोदाबाईच्या बोटाला धरून तिची पहिल्या घरची मुलगी आली, शालन. रंभा आणि शालन बरोबरीच्याच होत्या. रंभा यशोदाबाईला मावशी म्हणायची. शालन सोपानरावाला आबा म्हणायला लागली ते पहिल्याच दिवशी, कुणी शिकवलं नव्हतं.

त्या घरची एक रीत होती. रास झाली की घरच्या लेकींना त्यांचं माप मिळायचं आणि ते घरच्या बाईनं द्यायचं, पुरुषानं नाही. पहिल्या वर्षी यशोदाबाईनं दोन्ही पोरींच्या ओटीत शिगोशीग हरभरा ओतला. शेजारची रुक्मिणीबाई खळ्याच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "यशोदे, घरची पोर आन आणलेली पोर, दोघींना सारखंच? बरं हाय बाई."

बस, तेवढंच. पण पुढच्या वर्षापासून यशोदाबाई रंभाला शीग लावायची आणि शालनच्या मापावरून हात फिरवायची. दिवाळीला रंभाला रुंद काठाचं लुगडं आणि शालनला साधं. पोरी मोठ्या झाल्या, लग्नं झाली, रंभा चाकणला दिली आणि शालन दिघीला, तरी रीत तीच राहिली. दोघी पोती घेऊन यायच्या, एकीला शीग आणि एकीला हात. गावानं यशोदाबाईला नावाजलं. सावत्र असावी तर अशी, असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. ज्या मापानं एका लेकीला कमी मिळत होतं, त्याच मापानं आईला शाबासकी मिळत होती.

शालननं एकदाच विचारलं होतं. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं.

"आई, माझ्याच मापावर हात का गं?"

"तू माझी हाईस म्हणून."

"तुझी हाय म्हणून कमी?"

"माझी हाईस म्हणून तू रुसणार न्हाईस. ती रुसली तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

शालन हसली आणि पोतं बांधायला लागली. पण तिनं गाठ इतकी आवळली की घरी गेल्यावर ती कापावी लागली असणार.

आता जे फार थोड्यांना ठाऊक होतं ते सांगते. शालनचं माप भरताना यशोदाबाई हात फिरवण्याआधी मला गुडघ्यावर घ्यायची आणि दोनदा ठोकायची. धान्य खाली बसायचं. वर खळगा पडायचा. त्यात ती एक मूठ टाकायची आणि मग हात फिरवायची. रंभाला तिनं कधी गुडघा मारला नाही. बघणाऱ्याला फक्त फिरलेला हात दिसायचा. त्या एका मुठीनं शीग भरून निघायची का? नाही. शीग तिच्या तिप्पट असते. मी खोटं कशाला बोलू. पण मूठ होती.

मग एका उन्हाळ्यात यशोदाबाई गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

सोपानराव त्यानंतर बोलेनासा झाला. शेतात जायचा, बैल सोडायचा, जेवायचा. संध्याकाळी गोठ्यातून आला की दारात थांबून खाकरायचा. आत बाई असते, तिला आपण आल्याचं कळावं म्हणून त्यानं आयुष्यभर तसं केलं होतं. आता आतून 'या' म्हणणारं कुणी नव्हतं. तरी तो खाकरायचा आणि थोडा वेळ उभा राहून मग आत यायचा.

उद्धव तोवर पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. सकाळी भोंग्याला जायचा, रविवारी शेत बघायचा. घर त्याची बायको सोजरा चालवत होती. माणसं वाईट नव्हती. पण माघात रास झाली तेव्हा चाकणला रंभाकडं निरोप गेला आणि दिघीला गेला नाही. कुणी ठरवून केलं नाही. उद्धवला वाटलं, जिच्यामुळं शालनचं नातं होतं तीच गेली, आता ती कशाला येईल.

शालन आली. नवऱ्याच्या, ज्योतीरामच्या सायकलवर मागं बसून आली, आणि काखेत घडी घातलेलं पोतं होतं. ज्योतीराम लष्कराच्या आवारात कामाला होता, घरात खायला होतं. ज्वारीवाचून तिची चूल अडणार नव्हती. हे घर आता आपलं माहेर आहे की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं.

रुक्मिणीबाई खळ्याच्या कडेला होतीच.

"आई गेली तरी पोतं घिऊन आलीस व्हय गं?"

"आई गेली, मावशे. पोतं हाय अजून."

रंभा उठली आणि तिनं शालनला आपल्या शेजारी बसवलं. उद्धव म्हणाला, "बरं झालं आलीस," आणि तिच्याकडं न बघता खराटा हातात घेतला. सोपानराव बाभळीखाली घोंगडीवर बसला होता.

सोजरानं मला उचललं. पहिली रंभाची पाळी. "लाभ," ती म्हणाली आणि शिगोशीग भरून ओतलं. दोन. तीन. रंभाचं पोतं उभं राहिलं. मग तिनं शालनचं पोतं उघडलं, मला भरलं आणि माझ्यावरून हात फिरवला.

शालननं तिचं मनगट धरलं.

"वैनी, हात काढा."

सोजरा गोंधळली. "वन्सं, मी काय माझ्या मनानं करतीय? आत्याबाई अशाच भरायच्या. दर साली बघितलंय मी."

"बघितलंय, पर निम्मं बघितलंय. गुडघा कुठाय?"

"कसला गुडघा?"

उद्धव हसला. "आता माप भरायला गुडघा कशाला लागतोय? कारखान्यात असलं काय शिकवलं न्हाई बाबा आमाला."

"तुला न्हाई कळायचं, दादा. आई हात फिरवायच्या आधी गुडघ्यावर ठोकायची. लोकांना हात दिसायचा. मला आवाज यायचा." शालनचा आवाज चढला नव्हता. "तिनं मला कमी दिलं, ते मी घेतलं. माझी आई हुती ती. तिचा तेवढा हक्क हुता माझ्यावर. तो तुमाला कुणी दिला?"

"चार दाण्यांसाठी खळ्यावर तमाशा नको, शालन."

"चारच दाणे हायत तर जड का जातायत? रंभीला देता तसं द्या. न्हाईतर तोंडानं सांगा की हे तुझं घर न्हाई. मी पोत्याची घडी घालती आन जाती. पर गुमान हात फिरवून मला सांगू नका."

रंभा आपल्या भरलेल्या पोत्याकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "इतकी वर्सं मी शेजारी बसती. मला कधी दिसलंच न्हाई."

आणि बाभळीखालून आवाज आला. "मारायची. गुडघा मारायची ती."

सगळे वळले. कित्येक महिन्यांत सोपानराव एवढं सलग बोलला नव्हता.

तो उठून आला आणि राशीपाशी बसला, यशोदाबाई बसायची त्याच जागी. सोजराच्या हातून त्यानं मला घेतलं, राशीत उपडं केलं आणि पुन्हा भरलं. गुडघ्यावर दोनदा ठोकलं. त्याचा गुडघा हाडकुळा, तिच्यासारखा आवाज आला नाही. वर मूठ टाकली. मग शीग लावली, इतकी की दाणे काठावरून ओघळायला लागले.

"लाभ," तो म्हणाला.

"आबा, लाभ मघाच झाला," उद्धव म्हणाला. "एका राशीला एकच लाभ असतोय."

"तो रंभीचा झाला. हीबी लेकच हाय. आन माप लेकीला बाईनंच द्यायचं, हेबी ठावं हाय मला. जिनं द्यायचं ती न्हाई. तवा मी देतो."

रीत एका दमात दोनदा मोडली, आणि रुक्मिणीबाई पायाशी सांडलेले दाणे वेचायला लागली. मी तेव्हा लाकडाची नसते तर हसले असते.

पोतं भरत आलं तशी रंभा म्हणाली, "आबा, मग मलाबी गुडघा मारून द्या की. माझ्या पोत्यात इतकी वर्सं नुसती हवाच भरली म्हणायची." तेव्हा शालन हसली. सोजराही हसली, पदर तोंडाला लावून. तिची चूक एवढीच होती की तिनं सासूचा हात उचलला आणि सासूचा गुडघा तिला दिसला नाही.

पुढच्या सालापर्यंत किलोची वजनं आली. उद्धवनं तराजू आणला आणि म्हणाला, "आता शीग नको न हात नको. काटा मधी आला की झालं." सोपानराव म्हणाला, "काट्यालाबी झुकतं तोलता येतंय, बाबा. धरणाऱ्याचा हात कुटं बदललाय?" पण दोन्ही लेकींना सारखं तोलून मिळालं, आणि मला सरपणाच्या ढिगावर टाकलं गेलं. इतकी वर्षं जिच्यातून घर जेवलं, तिची जागा चुलीत. मी कुरकुरले नाही. बाभळीचं लाकूड आहे, लवकर पेटत नाही, हे मला ठाऊक होतं.

निघताना शालनची नजर ढिगाकडं गेली. "ही मला द्या."

रंभा लगेच म्हणाली, "मलाबी पाहिजे. मावशीचा हात लागलाय तिला."

आता पंचाईत आली. लेकी दोन, अधोली एक. उद्धव म्हणाला, "करवतीनं दोन भाग करू काय?" कुणी हसलं नाही. सगळे सोपानरावाकडं बघायला लागले. त्यानं मला ढिगावरून उचललं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"रंभे, तुला शीग मिळाली," तो म्हणाला. "हिच्यावरून हात फिरला. हात जिच्यावरून फिरला, अधोली तिची."

रंभा रागावली. नाही म्हणणार नाही मी. दिवाळीपर्यंत तिनं निरोप धाडला नाही. दिवाळीला मात्र स्वतः दिघीला आली, शालनच्या स्वयंपाकघरात गेली, मला उचलून पाहिलं आणि जागेवर ठेवलं.

रुक्मिणीबाई अजून सांगत असते, की एवढं भांडून त्या पोरीला मिळालं काय, तर जुनं लाकूड. म्हणू दे.

मी आता दिघीला असते. शालनच्या चुलीजवळ, पिठाच्या डब्याशेजारी. शेजारपाजारी कुणाला धान्य उसनं हवं असलं की ती मला काढते. माझ्यावरून हात ती फिरवत नाही, ना घरच्यासाठी, ना परक्यासाठी.

महिन्यातून एकदा सोपानराव चालत येतो, भोसरीच्या वाटेनं. दारात थांबतो आणि खाकरतो. शालन कामात असली तरी मान न उचलता आतून म्हणते, "या, आबा." मग तो आत येतो, माझ्याजवळ बसतो आणि कधीकधी मला रिकामीच गुडघ्यावर घेऊन दोनदा ठोकतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तू पुसा, जपा, असं मी सांगायला हवं. ते सांगतेच. पण मला पुसलं नाहीत तरी चालेल. एवढंच करा, की घरात दोन लेकरांना काही देताना कुणी एकाच्या मापावरून हात फिरवला, तर शालनसारखं त्याचं मनगट धरा. आणि तुमच्या वाट्याला शीग आली असेल, तर शेजारच्या पोत्यात एकदा डोकावून बघा.