सात माणसांच्या फळ्या

दयाराम इंगळे एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. माणसं मोजण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. गच्च भरलेल्या गाडीत एक नजर टाकली की किती तिकिटं राहिली ते सांगत. आणि आता सुलतानपुरातल्या स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात किती माणसं बसतील, एवढं साधं गणित त्यांना सुटत नव्हतं.

त्याचं असं झालं, की मुलगा संघर्ष पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, मागे लाकडाचं डेक करून घ्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला आलो की सगळे तिथंच बसू." डेक म्हणजे काय ते नातीनं, समतानं, फोटो पाठवून दाखवलं. जमिनीपासून वीतभर उंच, फळ्यांचा ऐसपैस ओटा. दयारामांना ते पटलं. अंगणातली काळी माती दर पावसाळ्यात फुगते आणि फरशी उखडून टाकते, तिथं फळ्याच बऱ्या. पण खरं सांगायचं तर त्यांना लाकडाचं काही कौतुक नव्हतं. त्यांनी 'सगळे' हा शब्द तेवढा धरून ठेवला होता. बायको, धम्मशीला, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता.

गोकुळ सुतार आला. खिशात टेप होता, पण ओट्याचं माप तो टेपानं घेत नसे. त्याच्या बापापासूनची रीत अशी, की घरची माणसं जमिनीवर बसवायची, भोवतीनं चुन्याची फक्की ओढायची आणि त्या रेघेवरून फळ्या धरायच्या.

"बसवा माणसं," गोकुळ म्हणाला.

"माणसं जयंतीले येऊन राह्यली. सात जण. तू अंदाज धर."

"अंदाजानं काम नाही करत मी, भाऊ. हवेले फळ्या ठोकू काय?"

मग दयाराम स्वतःच बसले. एकदा संघर्षच्या जागी, मग सरकून सुनेच्या, मग समताच्या, मग लेक, जावई आणि त्यांचा मुलगा ऋत्विक. साठी उलटलेला माणूस बसतो आहे, उठतो आहे, दर वेळी नाव घेऊन सांगतो आहे, हे काही बघवत नव्हतं. सातवे ते स्वतः. गोकुळ फक्की ओढत गेला आणि शेवटी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रेघ पार मोरीपर्यंत गेली होती.

"लय झालं हे. चाळीस फळ्या! सात जण खरंच बसले त खेटून बसतेत, भाऊ. एकटा माणूस जागा लय खाते."

"तू तुह्यं काम कर," दयाराम उगाच खेकसले.

लाकडाचाही घोळच होता. लोणारच्या वखारीत एका जुन्या घराचं सागवान आलं होतं. उन्हापावसात वीस वर्षं हलणार नाही असं, पण मोजकंच, दोन माणसांपुरतं. सात जणांसाठी हवं तर पाइनचं हलकं लाकूड होतं, आणि ते दोन पावसाळ्यांत कुजणार हे गोकुळनं तोंडावर सांगितलं होतं. सागवानाला दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं, त्यामुळे काय ते आजच ठरवायचं होतं. सागवान घ्यावं तर कोणी येणार नाही हे स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं होणार.

दयारामांनी संघर्षला फोन लावला. "नक्की किती जण येऊन राह्यले रे? फळ्या सांगाच्या आहे."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे." मग तो म्हणाला, "या वर्षी जमेल असं वाटत नाही. समताची परीक्षा आहे. ताईचंही कठीणच दिसतंय. तुम्ही तुमच्यापुरतं करून घ्या ना."

"हाव. तसंच करतो." समताला नीट अभ्यास कर म्हणावं, असंही त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला. राग आला असता तर बरं झालं असतं. तोही आला नाही.

"सागवान सांग," ते गोकुळला म्हणाले. "दोघांपुरतं."

"दुसरं कोण?"

"कोणी बी. येईन कोणी."

"माणसाबिगर माप नाही घेत मी, सांगतलं न." गोकुळ जरा घुटमळला. मग त्यानं चपला काढल्या, दयारामांच्या शेजारी येऊन मांडी घातली आणि फक्कीचा डबा त्यांच्या हातात दिला. "वढा तुमीच."

अर्धी रेघ दयारामांनी ओढली, अर्धी गोकुळनं. खेटून बसल्यामुळे ती खरंच लहान आली. नऊ फळ्या. गोकुळच्या सदऱ्याला लाकडाच्या भुशाचा वास येत होता. या अंगणात आपल्या खांद्याला कोणाचा खांदा लागून दोन वर्षं झाली, हे दयारामांना आत्ता कळलं.

"झालं माप." गोकुळ उठायला लागला. "मले वखारीत जा लागते."

"बस जराक. फक्की वाळू दे."

फक्की म्हणजे कोरडी भुकटी, ती कशाला वाळेल? सुतारालाही ते माहीत होतं आणि कंडक्टरलाही. गोकुळनं वखारीत फोन करून सागवान राखून ठेवायला सांगितलं, आणि तो तिथंच बसून राहिला.